मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर, हवेतला वेळ आणि दारापासून दारापर्यंतचा हिशेब

समजा तिकिटावर असं लिहिलंय: मुंबईहून प्रस्थान १० जानेवारी, ०१:३०. न्यूयॉर्कला आगमन १० जानेवारी, ०७:००. पहिल्यांदा जाणारा माणूस हे वाचून चक्रावतो. साडेपाच तासांत अमेरिका? परतीचं तिकीट बघितलं तर उलटाच प्रकार. २५ तारखेला दुपारी १२:३० ला निघायचं आणि २६ ला दुपारी १३:३० ला उतरायचं, म्हणजे पंचवीस तास विमानात?

दोन्ही समज चुकीचे आहेत. जाताना सोळा तास लागतात, येताना साडेचौदा. घोळ होतो तो अंतर, विमानात जाणारा वेळ आणि दोन शहरांची घड्याळं एकमेकांत मिसळल्यामुळे. शिवाय आणखी एक आकडा आहे, जो कुठल्याच तिकिटावर छापलेला नसतो: पुण्यातल्या घराला कुलूप लावल्यापासून न्यू जर्सीत मुलीच्या घरी बॅगा टेकवेपर्यंतचा वेळ. रजा, औषधं, डबा, घ्यायला येणारी गाडी हे सगळं ठरतं या आकड्यावर, आणि लोक घोकत बसतात किलोमीटर. तरीही सुरुवात किलोमीटरपासूनच करू. ते कुठून येतात हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं.

पायरी १: अंतर स्वतः काढा

इंटरनेटवर 'मुंबई ते न्यूयॉर्क अंतर' विचारलं की साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपासचा आकडा येतो. तो पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेला सर्वांत जवळचा रस्ता असतो. दहावीपर्यंतची त्रिकोणमिती आठवत असेल तर मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर तो पाच मिनिटांत काढता येतो. कॅल्क्युलेटर आडवा धरून शास्त्रीय पद्धतीवर आणा आणि कोन अंशांत आहेत ना, रेडियनमध्ये नाहीत ना, एवढं तपासा. बहुतेकांचं उत्तर इथेच चुकतं.

लागतात फक्त दोन विमानतळांचे अक्षांश आणि रेखांश. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. न्यूयॉर्कचा जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला असल्यामुळे रेखांशांची बेरीज करायची: १४६.६५ अंश. दोन्ही एकाच बाजूला असते तर वजाबाकी. बेरीज १८० च्या वर गेली तर ती ३६० मधून वजा करायची.

आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.३२७१ × ०.६५१३ = ०.२१३०. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन, अशा तिघांचा गुणाकार: ०.९४५० × ०.७५८८ × (−०.८३५३) = −०.५९९०. दोन्हींची बेरीज −०.३८६०. आता कोसाइन उलटा फिरवा, म्हणजे कोणत्या कोनाचा कोसाइन एवढा येतो ते पाहा: ११२.७ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. गुणाकार केला की सुमारे १२,५३० किलोमीटर.

पृथ्वी ध्रुवांकडे जराशी चपटी आहे, त्यामुळे संगणकाने बारकाईने काढलेला आकडा यापेक्षा किंचित वेगळा येऊ शकतो. फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असतो. मैलांत हवं असेल तर १.६०९ ने भागा, ७,७९० च्या आसपास येईल. वैमानिकांचे सागरी मैल वेगळे, त्यासाठी १.८५२ ने भागायचं.

उत्तर बरोबर आहे का, हे एका नजरेत ओळखायची एक खूण आहे. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर, म्हणून कुठल्याही दोन शहरांतलं अंतर २०,००० च्या वर जाऊच शकत नाही. गेलं, तर कुठेतरी गणित चुकलंय.

पायरी २: रस्ता कुठून जातो ते पाहा

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर मुंबई–न्यूयॉर्क ही रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक असा प्रवास करते. होकायंत्राची तीच दिशा धरून विमान खरोखर तसं गेलं तर त्याला सुमारे १४,२०० किलोमीटर उडावं लागेल, म्हणजे जवळजवळ १,७०० किलोमीटर जास्त.

घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर त्यावर दोरा ताणून बघा. मुंबईहून दोरा वायव्येपेक्षाही जरा जास्तच उत्तरेकडे झुकतो. सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशियातलं साराटोव्ह, सेंट पीटर्सबर्गची दक्षिण बाजू, स्वीडन, आइसलँडमध्ये जवळजवळ रेक्याविकच्या माथ्यावरून, ग्रीनलँडचं दक्षिण टोक घासून लॅब्राडॉर, मेन आणि मग न्यूयॉर्क. सर्वांत वरचा बिंदू येतो ६४.७ अंश उत्तरेला, फेरो बेटं आणि आइसलँड यांच्या मधल्या समुद्रात. मुंबईचा माणूस न्यूयॉर्कला जायला निघतो आणि वाटेत आर्क्टिक वृत्ताच्या दोन अंश खालपर्यंत जाऊन येतो, हे दोरा ताणल्याशिवाय पटत नाही.

पण ही झाली कागदावरची वाट. प्रत्यक्षात विमान तिथून जाईलच असं नाही, आणि याचं आजचं सगळ्यात मोठं कारण हवामान नसून राजकारण आहे. वरची यादी पुन्हा वाचा: सिंध आणि रशिया. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला आपली हवाई हद्द भारतीय विमान कंपन्यांना बंद केली आणि पुढे ती बंदी महिन्या-महिन्याने वाढवत नेली. याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या शेवटापासून १६ जुलैपर्यंत असंच झालं होतं. दुसरीकडे फेब्रुवारी-मार्च २०२२ पासून, युक्रेन युद्धामुळे, अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही. भारतीय कंपन्यांना ती वाट मोकळी राहिली. म्हणजे एकाच दोन शहरांसाठी भारतीय विमानाचा वळसा वेगळा आणि अमेरिकी विमानाचा वेगळा. कुठल्या कंपनीचं तिकीट काढता यावर किलोमीटर ठरतात, हे आजच्या प्रवासाचं वास्तव आहे.

रशियाच्या वाटेचाही एक धोका असतो. ६ जून २०२३ ला एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनातल्या बिघाडामुळे सैबेरियाच्या पूर्व टोकाला मगदान इथे उतरवावं लागलं. २१६ प्रवासी तिथे अडकले आणि त्यांना पुढे न्यायला मुंबईहून दुसरं विमान पाठवावं लागलं.

पाकिस्तानच्या बंदीचा फटका दिल्लीला जास्त बसतो. तिथून निघालेल्या विमानाला आधी गुजरातच्या अंगाने खाली यावं लागतं आणि मग पश्चिमेला वळता येतं. मुंबईचं विमान मुळात समुद्राकाठचं. ते सरळ अरबी समुद्रावरून ओमानच्या दिशेला लागतं. २०२५ मध्ये दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नासारख्या ठिकाणी थांबावं लागलं, ते या वळशामुळेच. त्यात आखातात काही पेटलं की इराण-इराकची वाटही बंद होते, जशी जून २०२५ मध्ये झाली होती. म्हणून तिकीट काढायच्या आठवड्यात या तीन ठिकाणांच्या बातम्या एकदा चाळाव्यात.

पायरी ३: किलोमीटरवरून तास

लांब पल्ल्याचं जेट विमान स्थिर हवेत ताशी साधारण ९०० किलोमीटर जातं. १२,५३० ला ९०० ने भागलं की १३ तास ५५ मिनिटं. अंतर दाखवणारी बरीच संकेतस्थळं इथेच थांबतात आणि 'प्रवासाचा वेळ १४ तास' असं बिनधास्त छापतात. हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. त्यात वळसा नाही, वारा नाही, धावपट्टीपर्यंतची रांग नाही.

तिन्ही गोष्टी घालून बघू. वळसा धरून अंतर १३,२०० किलोमीटर धरा. आता वारा. उत्तर गोलार्धात मधल्या अक्षांशांवर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. अमेरिकेला जाताना हा वारा तोंडावर येतो, येताना पाठीवर. संपूर्ण वाटेची सरासरी म्हणून जाताना ४० किलोमीटर वजा करा: ताशी ८६०. मग १३,२०० भागिले ८६० म्हणजे १५ तास २० मिनिटं. वर चढायला, उतरायला आणि जमिनीवर घरंगळायला मिळून अर्धा तास. एकूण १५ तास ५० मिनिटं. येताना ५० अधिक करा: ताशी ९५०, १३ तास ५५ मिनिटं, अधिक तोच अर्धा तास, म्हणजे साधारण १४ तास २५ मिनिटं. सुरुवातीच्या तिकिटावरचे सोळा आणि साडेचौदा हे असे आले.

वारा किती फरक पाडू शकतो याचं टोकाचं उदाहरण फेब्रुवारी २०२० मधलं. वादळी वाऱ्यांच्या पाठबळावर ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. विमान काही जास्त जोरात उडत नव्हतं, ज्या हवेत ते उडत होतं ती हवाच पळत होती. त्याच रात्री उलट दिशेने निघालेल्यांचे काय हाल झाले असतील, याच्या मात्र बातम्या होत नाहीत.

तिकिटावरचा वेळ मोजला जातो विमान गेटवरून हललं की, आणि थांबतो समोरच्या गेटला लागलं की. चाकं जमिनीवरून सुटल्यापासून तो मोजत नाहीत. जेएफकेवर संध्याकाळच्या गर्दीत धावपट्टीच्या रांगेतच पाऊण तास जाऊ शकतो, हे कंपन्यांना माहीत असल्यामुळे त्या वेळापत्रकात थोडी सैल बाजू ठेवतात. 'विमान वीस मिनिटं आधी पोहोचलं' ही घोषणा बऱ्याचदा त्यातूनच येते.

पायरी ४: घड्याळाचा गुंता सोडवा

डोक्यात दोन शहरांची घड्याळं एकदम फिरवू नका. कागद घ्या आणि दोन्ही वेळा भारतीय वेळेत लिहा. वजाबाकी आपोआप होते.

जानेवारीत न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. तिथले सकाळचे ०७:०० म्हणजे आपले त्याच दिवशीचे संध्याकाळचे १७:३०. निघालो ०१:३० ला. उरले १६ तास. परतीचं पाहा: तिथले २५ तारखेचे १२:३० म्हणजे आपले २५ तारखेचे रात्रीचे २३:००. उतरलो २६ ला १३:३०. साडेचौदा तास. संपलं.

उन्हाळ्यात मात्र फरक साडेनऊ तासांचा होतो. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे नेतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात. युरोपात तोच बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. त्यामुळे मार्चचे दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावरचा एक आठवडा लंडन-न्यूयॉर्क फरक नेहमीपेक्षा वेगळा असतो. दिवाळीला येणारी मंडळी बऱ्याचदा त्याच सुमारास प्रवास करतात. अशा वेळी जुन्या तिकिटावरून अंदाज बांधायचा नाही.

आणि आता सर्वांत महाग पडणारी चूक. १० जानेवारी, ०१:३० याचा अर्थ ९ तारखेची रात्र. आपल्या मनात दिवस सूर्योदयाला बदलतो, पंचांगही तेच सांगतं. विमान कंपनीचा दिवस मध्यरात्री बदलतो. १० तारखेला रात्री जेवून निघालेलं कुटुंब विमानतळावर पोहोचतं तेव्हा त्यांचं विमान न्यूयॉर्कला उतरूनही काही तास झालेले असतात. तिकीट हातात आलं की कॅलेंडरवर ९ तारखेच्या चौकटीत 'संध्याकाळी निघणे' असं मोठ्या अक्षरात लिहून टाका. आगमनापुढे छोटं '+१' दिसलं तर उतरायची तारीख एकाने पुढची.

पायरी ५: थेट की थांबा घेऊन?

इथे अंतराचा आकडा साफ फसवतो. लंडनमार्गे गेलात तर मुंबई–लंडन सुमारे ७,२०० आणि लंडन–न्यूयॉर्क सुमारे ५,५४० किलोमीटर, मिळून १२,७४०. सरळ रेषेपेक्षा जेमतेम दोनशे किलोमीटर जास्त. दुबईमार्गे सुमारे १,९३० अधिक ११,०२०, म्हणजे १२,९५०. तेही फार नाही, कारण ही शहरं जवळपास वाटेवरच आहेत. सिंगापूरमार्गे जाण्यात मात्र काही अर्थ नाही. तिथून न्यूयॉर्क १५,३०० किलोमीटरच्या वर आहे आणि हे जगातल्या सर्वांत लांब नियमित विमानप्रवासांपैकी एक आहे, साडेअठरा तासांच्या पुढचा.

किलोमीटर दोन-तीन टक्क्यांनी वाढले तरी वेळ चार-पाच तासांनी वाढतो. विमान उतरवायचं, पुन्हा चढवायचं, मधे सुरक्षा तपासणी, गेटपर्यंतची चाल. थांबा दोन तासांपेक्षा कमी असेल तर ज्येष्ठांसाठी ते तिकीट मी घेणार नाही, कितीही स्वस्त असो. आणि सहा तासांच्या वर असेल तर तेही नाही. तीन ते चार तास बरे. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असले पाहिजेत. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसऱ्या कंपनीला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं. मधल्या देशाला भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पाहा. एजंटाच्या शब्दावर विसंबू नका.

अबू धाबीची गोष्ट वेगळी आहे. तिथे अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी विमानात चढण्याआधीच होते. थांब्यात जास्त वेळ हाताशी ठेवावा लागतो, पण न्यूयॉर्कला उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं सरळ बाहेर पडता येतं.

न्यूयॉर्कहून पुढे डॅलस किंवा शिकागो गाठायचं असेल तर आणखी एक. एरवी अमेरिकेतल्या पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन होतं, तिथेच बॅगा पट्ट्यावरून उचलून, कस्टममधून नेऊन पुन्हा जमा कराव्या लागतात. बॅगेवर डॅलसची चिठ्ठी असली तरीही. तिथल्या जोडणीला तीन तास सोडा.

पायरी ६: दारापासून दारापर्यंत

आता खरा आकडा. सुरुवातीचंच तिकीट घेऊ आणि प्रवासी पुण्याचे धरू.

९ तारखेला संध्याकाळी सहाला घर सोडलं. द्रुतगती मार्ग आणि मुंबईतली वाहतूक धरून चार तास. रात्री दहाला विमानतळ. हे चार तास कमी करायचा मोह टाळा, पावसाळ्यात किंवा सुट्ट्यांना जोडून निघत असाल तर पाच धरा. चेक-इन, सुरक्षा, इमिग्रेशन यांसाठी साडेतीन तास. विमान १६ तास. जेएफकेवर इमिग्रेशन आणि बॅगा मिळून दीड तास, कधी लवकर आटपतं, कधी तीन-चार विमानं एकदम उतरली की रांग लांबते. तिथून न्यू जर्सीतल्या एडिसनपर्यंत गाडीने दीड तास. एकूण साडेसव्वीस तास. मुलीच्या दारात पोहोचता तेव्हा तिथले सकाळचे दहा आणि पुण्यात रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. आखातातून थांबा घेऊन गेलात तर हाच आकडा तीस-एकतीस तासांवर जातो.

यात चार-पाचशे किलोमीटरच्या वळशाने अर्धा तास जातो, आणि चुकीच्या विमानतळामुळे त्याहून बराच जास्त. न्यूयॉर्कच्या नावाखाली जेएफके, नेवार्क आणि लागार्डिया असे तीन विमानतळ येतात. एडिसन, जर्सी सिटी या भागात राहणाऱ्यांना नेवार्क जवळ. जेएफकेहून यायचं तर अख्खं शहर ओलांडावं लागतं. आपल्याकडेही डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. तिकिटावर बीओएम (मुंबईचा जुना विमानतळ) आहे की एनएमआय (नवी मुंबई), हे टॅक्सी बोलावण्याआधी वाचा. नागपूर, संभाजीनगर किंवा गोव्याहून जोडविमानाने येणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण एकावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं असेल तर मधे मुंबईचा रस्ता आहे.

पायरी ७: निघण्याच्या आठवड्यात

तुमच्या तिकिटावरचा फ्लाइट नंबर फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या संकेतस्थळावर टाका. गेल्या काही दिवसांत तेच विमान प्रत्यक्ष किती वाजता निघालं, किती वाजता टेकलं आणि कुठल्या वाटेने गेलं हे नकाशासकट दिसतं. वर केलेल्या सगळ्या गणितापेक्षा हा इतिहास जास्त खरा. रोज तासभर उशीर होत असेल तर तो तुमच्याही वाट्याला येणार असं धरून थांब्याचा हिशेब पुन्हा करा. रोजचा मार्ग अचानक बदललेला दिसला तर कुठलीतरी हद्द बंद झाली असं समजा.

नियमित औषधं घेणाऱ्यांनी विमानात घड्याळ बघून गोळी घेऊ नये, तास मोजावेत. बारा तासांनी घ्यायची गोळी बारा तासांनीच, मग खिडकीबाहेर रात्र असो की दुपार. त्यासाठी एक मनगटी घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांकडे जाताना हा साडेसव्वीस तासांचा तक्ता सोबत न्यावा. 'अमेरिकेला चाललोय' एवढंच सांगितलं तर त्यांनाही नेमके डोस आखून देता येत नाहीत.

घ्यायला येणाऱ्या माणसाला 'सकाळी सातला येतोय' असं कळवू नका. फ्लाइट नंबर, टर्मिनल आणि तिथली तारीख पाठवा, आणि सातच्या आधी घरातून निघू नकोस असं सांगा. जेएफकेवर गाडी लावायला मोजावे लागणारे पैसे ऐकले की बाकीचं तो स्वतःच समजून घेईल.